कोऱ्या पानावरचा शेरा

मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावर एका तरुण माणसाचा फोटो चिकटवलेला आहे. डोक्यावर दाट केस, नुकतीच राखलेली मिशी, आणि फोटोवाल्याने "हलू नका" असं दटावल्यामुळे जरा जास्तच उघडे राहिलेले डोळे. हे जब्बार शेख. ते मोटार चालवत, आणि ती चालवायची त्यांना मिळालेली सरकारी परवानगी म्हणजे मी. मी त्यांचं लायसन. हाताच्या पंजाएवढं, कापडी पुठ्ठ्याचं एक जुनं पुस्तक. सध्या मी एका कचेरीच्या मागच्या खोलीत, लाल फडक्याच्या गठ्ठ्यात बांधलेला आहे. वरून धूळ बसते, आतून कसर लागते. इकडे सहसा कुणी फिरकत नाही. तेव्हा तुम्हीच माझी हकीकत ऐका.

माझा जन्म १९५२ सालचा. छापखान्यातून निघालो तेव्हा आम्ही शेकडो भावंडं अगदी सारखी होतो. पानं कोरी, रकाने रिकामे. मग एका कारकुनाने टाकाने माझ्यावर नाव लिहिलं, 'राहणार वडनेर भोलजी' असं लिहिलं, आणि त्या क्षणापासून मी इतरांहून वेगळा झालो. त्या दिवशी जब्बारभाईंनी दोन पिंपांच्या मधून लॉरी उलटी घेऊन दाखवली होती. पिंपाला धक्का लागला नाही म्हणून मी त्यांना मिळालो. त्याआधी चार वर्षं ते लॉरीवर क्लीनर होते. मला हातात घेतलं तेव्हा त्यांनी आधी आपले हात पाटलोणीला पुसले, हे मला अजून आठवतं.

आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता. पुढे तो मुंबई राज्यात गेला आणि नंतर महाराष्ट्रात आला. माझी मुदत वाढवताना दर वेळी नव्या राज्याचा शिक्का बसायचा. जब्बारभाई गमतीने म्हणायचे, "मी वडनेर सोडलं नाई, पन माह्यं लायसन तीन राज्यं हिंडून आलं."

ते गावातल्या शालिग्रामशेठची लॉरी चालवत. कांदे, मिरच्या, कापसाची मोठाली बोचकी, सरकी. मलकापूर, नांदुरा, खामगाव, कधी संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. मी त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचो. उन्हाळ्यात त्यांच्या घामाने माझा पुठ्ठा मऊ पडायचा. नाक्यावर हवालदाराने हात केला, की मला बाहेर काढलं जायचं.

माझ्या शेवटी चार कोरी पानं होती. ती शेऱ्यासाठी ठेवलेली. ड्रायव्हरने कायदा मोडला आणि कोर्टात गुन्हा शाबीत झाला, तर त्याची नोंद त्या पानांवर होते. तिला शेरा म्हणतात. नाक्यावरचे लोक आधी ती पानं उलटायचे आणि मान हलवायचे. "वा! इतक्या वर्षांत एक शेरा नाही!" असं कुणी म्हटलं, की मला फार बरं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडा गर्वही झाला होता.

जब्बारभाईंच्या मनात एक इच्छा होती. त्यांना एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. त्यांची बायको फातिमा विचारायची, "लॉरी काय वाईट हाय?"

"वाईट नाई," ते म्हणायचे. "पन पोत्याइले घेऊन किती हिंडावं? पोतं पोचलं काय, नाई पोचलं काय, त्याले काय समजते? माणूस उतरला की पोचलो म्हन्ते."

१९६२ सालच्या दिवाळीनंतर त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं, की उन्हाळ्यात मुलाखतीला बोलावू, लायसन सोबत आणावं. फातिमाने तो कागद कुराणशरीफ ठेवायच्या फळीवर, बाजूला जपून ठेवला. आता सगळी भिस्त माझ्या चार कोऱ्या पानांवर होती.

आणि जानेवारीत ती गोष्ट घडली.

खामगावला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. बाहेरगावचे एक डॉक्टर येऊन मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट करत होते. वडनेरच्या नऊ म्हाताऱ्या माणसांना नंबर मिळाले होते. त्या सकाळी जब्बारभाई रिकामी लॉरी घेऊन सरकी आणायला खामगावला निघाले होते. फाट्यावर पाहतात तो हे नऊ जण थंडीत उभे. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. सर्वांत पुढे उकंडराव. ते भाजीचा मळा करत, आणि त्यांच्या एका डोळ्याला अजून थोडं दिसत होतं, म्हणून पुढारपण त्यांच्याकडे आलं होतं.

जब्बारभाईंनी लॉरी थांबवली. "उकंडराव, काऊन उभे अजून? गाडी नाई आली?"

"आली अन गेली. आज बाजार. गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती. कंडक्टर भला माणूस, म्हने दोघं या कसे तरी. पन बाकीच्याइले कोनाच्या भरोशावर सोडू? दहाले तिथं नंबर हाय. डाक्टर उद्या जाऊन राह्यला."

 जब्बारभाईंचा हात खिशावर आला, माझ्यावर. मालाच्या लॉरीत माणसं बसवायची नाहीत, हे त्यांना पाठ होतं. मलाही होतं. मागची फळी उघडून उतारू सांडलेल्या लॉऱ्यांच्या गोष्टी आम्ही दोघांनी नाक्यानाक्यावर ऐकल्या होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले.

त्यांनी रिकामी बारदानं अंथरली. एकेकाला हात देऊन वर घेतलं, केबिनला पाठ लावून बसवलं, मागची फळी लावून वरून दोर आवळला. सर्वांत शेवटी अन्नपूर्णाबाई होत्या. सत्तरीच्या, अंगाने काटकुळ्या. दोन्ही डोळ्यांत पांढरं साचलेलं.

"कोन हायस, बाबू?" त्यांनी विचारलं.

"मी जब्बार, माय. शेठच्या गाडीवरचा."

"आवाज आयकेल हाय तुहा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जब्बारभाईंच्या मनगटाला घट्ट धरलं.

लॉरी इतकी सावकाश चालली, की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. नांदुऱ्याच्या पुढे हवालदार मोतीराम उभे होते. त्यांनी हात केला. मागे डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण ते जब्बारभाईंना ओळखत होते.

"जब्बारभाई, हे काय हो?"

"डोयाच्या दवाखान्यात चालले, हवालदारसाहेब."

मोतीरामांनी मला हातात घेतलं. सवयीप्रमाणे शेवटची पानं उलटली. "अकरा वर्षांत एक नाही," ते पुटपुटले. मग त्यांनी वही काढली. "मी सोडलं आणि पुढे एखादी म्हातारी पडली, तर मी काय तोंड दाखवू? लिहावं लागेल."

"लिहा," जब्बारभाई म्हणाले.

मोतीरामांनी चलान लिहिलं. साक्षीदार म्हणून उकंडराव आणि अन्नपूर्णाबाईंची नावं घेतली. मग नऊ जणांना खाली उतरवलं, आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध उभं राहून खामगावकडे जाणाऱ्या उतारूंच्या दोन गाड्या थांबवल्या. पहिलीत पाच, दुसरीत चार जण बसवून दिले. सगळे वेळेवर पोचले. सगळ्यांची ऑपरेशनं झाली. मंजुळाबाई नावाच्या एका बाईंना फारसा गुण आला नाही. बाकीच्यांना थोडंफार दिसू लागलं.

मार्च महिन्यात समन्स आलं. जब्बारभाई चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ते दारात बसून बोट ठेवत वाचलं. एप्रिलच्या अठरा तारखेला मलकापूरच्या कोर्टात हजर राहावं. खाली असंही लिहिलं होतं, की गुन्हा कबूल असल्यास तसं रजिस्टर पत्राने कळवावं, दंड भरावा आणि लायसन सोबत पाठवावं.

"पाठवून द्या न मंग," फातिमा म्हणाली. "कोर्टाची पायरी तं चढा लागनार नाई."

"पाठवलं की शेरा पडला," जब्बारभाई म्हणाले. "अन मे महिन्यात एसटीवाले पयले तेच पान पाह्यतीन."

मग ते शालिग्रामशेठकडे गेले. शेठ चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. लॉरीच्या परमिटवरही हे प्रकरण येऊ शकत होतं. ते म्हणाले, "मले इचारलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं. आता नारायणराव वकिलाकडे जाय. तो सांगीन तसं कर."

नारायणराव वकिलांचं घर मलकापुरात. तिथे मी पहिल्यांदा टेबलावर, कायद्याच्या जाड पुस्तकांशेजारी बसलो. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या ठिकाणी आणखी कुठली लॉरी उभी होती का?"

"होती एक. ड्रायव्हर पानी भरत होता."

"झालं तर मग!" वकील खुर्चीत मागे टेकले. "हवालदाराने म्हाताऱ्यांना रस्त्यावर उभं केलं. लॉऱ्या दोन. ती माणसं त्या दुसऱ्या लॉरीतली. हवालदाराचा घोटाळा झाला. साक्षीदार कोण? दोघं. दोघांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्यांना एवढंच विचारणार, की त्या दिवशी तुम्हाला लॉरी दिसली का? ड्रायव्हरचं तोंड दिसलं का? ते म्हणतील, नाही. खोटं बोलायची त्यांना गरजच नाही. तू फक्त म्हणायचं, माझ्या गाडीत माणसं नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच. चार शब्द. घरी सराव कर. कोर्टात अडखळलास तर सगळं वाया."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. माझी पानं कोरी राहणार होती.

तयारी सुरू झाली. फातिमाने मला पेटीतून काढून ओल्या फडक्याने पुसलं. फोटोचा एक कोपरा सुटला होता, तो गव्हाच्या पिठाची खळ लावून चिकटवला. जब्बारभाईंचा पांढरा सदरा धुतला, आणि तांब्यात निखारे घालून त्याचीच इस्त्री त्यावर फिरवली. समन्स, गाडीचे कागद आणि मी, असे तिघे एका रुमालात बांधले गेलो. कोर्टात काय विचारतात, कुठे उभं करतात, टोपी काढायची की ठेवायची, हे जब्बारभाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी उकंडराव आले. वकिलांचा निरोप त्यांनाही गेला होता. ते खाटेवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चाल, मी मॅजिस्ट्रेट. उभा राय समोर." फातिमा सुपात गहू निवडत ऐकत होती.

उकंडरावांनी घसा खाकरला. "आरोपी! तुह्या गाडीत माणसं होती का नव्हती?"

"नव्हती, साहेब."

"मंग मी कायच्यात बसलो होतो बे?"

बोलून गेल्यावर त्यांनीच जीभ चावली. फातिमा पदरात तोंड लपवून हसली. उकंडराव हसले, जब्बारभाईही हसले. मग पुन्हा सराव सुरू झाला. पण त्यानंतर जब्बारभाईंच्या तोंडून ते शब्द सरळ निघेनात. कधी 'नव्हती' हळू निघे, कधी 'साहेब' आधी येई. चौथ्या खेपेला उकंडराव उठले. "जाऊ दे. उद्या आपोआप येईन," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अन्नपूर्णाबाई आल्या. एकट्या. कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता आणि त्याच्या काड्या दोऱ्याने मागे बांधल्या होत्या. त्या अंगणात थांबल्या आणि समोरच्या माणसाकडे पाहत राहिल्या.

"तूच काय रे जब्बार?"

"हाव, माय. बसा न."

"बसतो मंग. आधी पाहू दे." त्या जवळ आल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांनी जब्बारभाईंचं तोंड नीट न्याहाळलं. "असा हायस तू! मले वाटे, उंच असशीन. आवाज मोठा हाय तुहा, म्हून."

फातिमाने त्यांना पाणी दिलं. रुमाल उघडाच होता. अन्नपूर्णाबाईंनी मला उचललं आणि फोटो चष्म्याजवळ धरला. "हाही तूच? तवा केस होते लय." मग मला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "म्या म्हटलं, उद्या कोर्टात साहेब इचारतीन, याले वयखतं काय? म्या तं तुले कदी पाह्यलंच नाई. दुसऱ्या कोनाकडे बोट दाखवलं तं पंचाईत. म्हून आली पाहाले. आता चुकत नाई."

 जब्बारभाईंनी विचारलं, "माय, तुमाले वकिलाचा निरोप नाई भेटला काय?"

"भेटला. दिसत नव्हतं असं सांगा म्हने. आता ते तं खरंच हाय, नव्हतंच दिसत. पन हात कोनाचा होता ते मले मालूम नाई काय? तुह्यावर खटला काऊन हाय? आमाले नेलं म्हून. मंग आमी नाई सांगाव तं कोन सांगीन, की यानं आमाले नेलं?"

अन्नपूर्णाबाईंना वाटत होतं, की खरं सांगितलं की जब्बार सुटेल. कायद्यातला पेच त्यांना ठाऊक नव्हता आणि जब्बारभाईंनी तो सांगितलाही नाही. चहा घेऊन त्या उजेड आहे तोवर घरी गेल्या. वाटेत लागणारं एकेक घर थांबून पाहत गेल्या, असं फातिमा नंतर म्हणाली.

सकाळी मी इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात बसून मलकापूरला गेलो. एरवी जब्बारभाईंची छाती संथ चालायची. त्या दिवशी मला तिचे ठोके मोजता आले असते. कोर्टाच्या ओसरीवर नारायणराव काळा कोट झटकत उभे होते.

"पाठ झालं?"

"वकीलसाहेब," जब्बारभाई म्हणाले, "मी कबूल करतो."

"काय?"

"ते बाई मले पाहाले आली होती. आता तिच्या समोर उभं राहून, तू माह्या गाडीत नव्हती, असं म्हनायचं काय? तिले दिसाले लागलं, अन पयले हेच पाहायचं काय तिनं?"

वकिलांनी कोट झटकणं थांबवलं. "शेरा पडेल. लायसन काही महिने रद्दही होऊ शकतं. एसटी विसर मग."

"मले समजते." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण अडखळला नाही. "तुमी फक्त एवढं सांगा, की शेठले हे मालूम नव्हतं. अन गाडी सावकाश होती."

मी खिशात अगदी आकसून गेलो, मित्रांनो. माझी पानं! पण ती कोरी ठेवणारा हातही त्यांचाच होता, आणि त्यांची किंमत ठरवायचा हक्कही त्यांचाच.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट साहेब मध्यम वयाचे, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचून विचारलं, "मालाच्या लॉरीत नऊ माणसं बसवल्याचा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे?"

"हो साहेब. बसवली होती. मालकाले मालूम नव्हतं. मीच बसवली."

साहेबांनी मान वर केली. कारण विचारलं. जब्बारभाईंनी ते थोडक्यात सांगितलं. साहेबांनी मोतीरामांकडे पाहिलं. "गाडीचा वेग?"

"सावकाश होती, साहेब. मागची फळी लावून वरून दोर बांधलेला होता. तेही मी चलानात लिहिलं आहे."

नारायणरावांनी उठून आणखी दोन वाक्यं जोडली आणि ते खाली बसले.

साहेब जब्बारभाईंना म्हणाले, "हा नियम कुणाला छळायला केलेला नाही. लॉरीतून पडलेल्या माणसांचे कागद माझ्या याच टेबलावर येतात. त्या नऊ जणांत एखादा पडला असता तर?"

"तेच भेव होतं, साहेब. फाट्यापासून नांदुऱ्यापर्यंत मी तेवढाच इचार करत होतो."

"मग बसवलीस कशाला?"

"सोडून जाताही आलं नाई."

साहेब लिहू लागले. तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "साहेब, मले इचारा न!" अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या होत्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

शिपाई त्यांना बसवायला धावला. साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. "आजी, आरोपीने गुन्हा कबूल केला आहे. तुमच्या साक्षीची आता गरज नाही."

"अवं पन मी चष्मा घालून एवढ्या दुरून आली, ते कायले?"

कोर्टात हसू पसरलं. साहेबांनाही ते आवरेना. "दिसतं का आता नीट?"

"दिसते न. तुमच्या मागचं घड्याय बंद हाय."

सगळ्यांनी वर पाहिलं. घड्याळ खरंच बंद होतं. साहेबांनी वळून पाहिलं, मोठ्याने हसले, आणि मग पुन्हा गंभीर होऊन निकाल दिला. दहा रुपये दंड. लायसन रद्द करायचं कारण नाही. मात्र गुन्ह्याची नोंद लायसनवर व्हावी. शेवटी ते साक्षीला आलेल्या उकंडरावांना म्हणाले, "पुढच्या वर्षी शिबिराच्या आधी पंचायतीतर्फे डेपोला अर्ज करा. जादा गाडी मागा. ड्रायव्हरला पेचात टाकू नका."

मग कारकुनाने मला उघडलं. टाक दौतीत बुडवला. पहिल्या कोऱ्या पानावर निळी शाई उतरली. तीन ओळी होत्या. कलम, तारीख, 'मालवाहू गाडीत उतारू बसवले, गुन्हा कबूल', आणि दंड. शाई गार लागली. अकरा वर्षांचं माझं कोरेपण एका मिनिटात संपलं. मला लाज वाटली. पण बाहेर आल्यावर जब्बारभाईंनी ते पान उघडून उन्हात धरलं, शाई वाळू दिली, पुसली जाऊ नये म्हणून फुंकर घातली. आपल्याच शेऱ्याची इतकी काळजी घेणारा ड्रायव्हर त्या कारकुनाने पाहिला नसेल.

शालिग्रामशेठ आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. पण दुसऱ्या सोमवारी लॉरीची किल्ली त्यांनी नेहमीच्या खिळ्यालाच अडकवून ठेवली, आणि जब्बारभाईंनी ती घेतली.

मे महिन्यात मुलाखत झाली. एसटीच्या साहेबांनी शेवटची पानं उलटली आणि ते थांबले. "हे काय?" जब्बारभाईंनी जसं घडलं तसं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, मला मिटलं, आणि पुढच्याला हाक मारली. यादी लागली तेव्हा तिच्यात जब्बारभाईंचं नाव नव्हतं. शेऱ्यामुळे नव्हतं की दुसऱ्या कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. फातिमा म्हणाली, "पस्तावा होते काय?" ते म्हणाले, "वाईट वाटते. पस्तावा नाई होत."

पुढच्या हिवाळ्यात पंचायतीने अर्ज केला आणि शिबिरासाठी खरंच जादा गाडी आली. बावीस माणसं होती. त्यांना हात देऊन पायरी चढवायला जब्बारभाई उभे होते. गाडीचा ड्रायव्हर त्यांच्याच वयाचा होता. नवी खाकी, पितळेची बटणं. जब्बारभाईंनी त्या बटणांकडे एकदा पाहिलं आणि खिडकीशी जाऊन सांगितलं, "पुलाच्या अलीकडे खड्डा हाय. डाव्या अंगानं घ्या. म्हातारी माणसं हायेत."

तीन वर्षं गेली. त्या काळी नियम होता, की तीन वर्षांत दुसरा शेरा पडला नाही, तर जुनं लायसन जमा करून कोरं मिळायचं. जब्बारभाईंना हे कळलं तेव्हा ते मला घेऊन या कचेरीत आले. कारकून म्हणाला, "हे जमा करा. नवं देतो, अगदी स्वच्छ." त्यांनी मला काउंटरवर ठेवलं, पुन्हा उचललं, ते पान उघडून त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं, आणि मग परत ठेवलं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. चौदा वर्षं त्यांच्या छातीपाशी राहिलो होतो. पण माझ्यासकट त्यांना खाकी मिळणार नव्हती, हे मलाही समजत होतं.

त्यानंतर मी या गठ्ठ्यात बांधला गेलो. दोन पावसाळे गेले. एकदा दुपारी शिपायाने गठ्ठा सोडला आणि मला झटकून बाहेर नेलं. काही जुना नंबर ताडून पाहायचा होता. काउंटरपलीकडे जब्बारभाई उभे होते. केस विरळ झालेले. अंगात खाकी, छातीवर एसटीचा बिल्ला.

नवा कारकून माझी पानं चाळत म्हणाला, "हे काय लिहिलंय इथे?"

"नऊ माणसं लॉरीत बसवली होती," जब्बारभाई म्हणाले. "कोर्टात कबूल केलं. दंड भरला."

"बरं," कारकून म्हणाला आणि नंबर उतरवून घेऊ लागला. जब्बारभाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. "जरा लवकर करा, साहेब. माह्या गाडीची वेळ होऊन राह्यली." जाताना त्यांनी माझा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. तुमच्या लायसनला जपा. त्याला ओलाव्यात टाकू नका, कसर लागू देऊ नका. त्याहून जास्त जपा ते गाडीत बसलेल्या आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांना, कारण नियम त्यांच्यासाठी आहेत. शेवटची पानं कोरी राहतील अशीच गाडी चालवा. आणि एवढं करूनही कधी शेरा पडलाच, तर कुणी "हे काय?" विचारल्यावर मान खाली न घालता सांगता येईल, असाच तो असू द्या.